आकाशातून टिपलेले युद्ध



युद्धातली विमाने आणि त्या विमानांनी काढलेली छायाचित्रे, यांविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय ऐकून कुणी म्हणेल, 'आमच्या खेड्यापाड्यांशी याचा काय संबंध?' संबंध आहे, आणि तो आपल्या मराठवाड्याच्या शिवारापासूनच सुरू होतो.

माझी आजी जालन्याकडच्या एका खेड्यातली. १९४८ साली ती अकरा-बारा वर्षांची असेल. ती सांगायची, "गणपतीचे दिवस होते. उघडीप पडली होती, म्हणून आम्ही बाया-पोरी मुगाच्या शेंगा तोडाया गेलो होतो. एकाएकी आभाळात घरघर झाली अन् विमान आलं. साऱ्याजणी ज्वारीत शिरल्या. मी वर बघितलंच नाही. मला दिसली ती त्याची सावली. पिकावरून अशी सर्रकन पळाली, की बघता बघता बांध ओलांडून पार."

लहानपणी ही गोष्ट मी पुष्कळ वेळा ऐकली. पुढे इतिहास शिकलो, कॉलेजात शिकवू लागलो, आणि हवाई दलांच्या इतिहासाची जाड जाड सचित्र पुस्तके चाळू लागलो. त्यांत विमान दिसते, वैमानिक दिसतो, फुटलेली धावपट्टी दिसते, तुटलेला पूल दिसतो. पण ज्वारीत लपलेली पोर कोठेच दिसत नाही. असे का होते, याचा विचार करताना जे सापडले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम विमानातून छायाचित्र काढतात कसे ते पाहू. टेहळणीच्या विमानाच्या पोटात कॅमेरा बसवलेला असतो आणि त्याचे भिंग सरळ जमिनीकडे वळलेले असते. विमान एका रेषेत चालते आणि कॅमेरा ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत जातो. पहिल्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग दुसऱ्या चित्रात पुन्हा यावा, अशी योजना असते. याचे कारण असे की, आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या जागांवरून पाहतात, म्हणून आपल्याला खोली कळते. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे पटेल. तीच युक्ती येथे आहे. एकाच जागेची दोन चित्रे शेजारी ठेवून स्टिरिओस्कोप नावाच्या दुभिंगातून पाहिली, की सपाट कागदावर टेकडी उभी राहते, विहीर खोल जाते आणि झाड वर येते.

त्यानंतर वाचन सुरू होते. होय, छायाचित्र वाचावे लागते. सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते. एकाच वाटेने माणसे ये-जा करीत राहिली की गवत दबते आणि वरून पांढुरकी रेघ दिसते. नवी उकरलेली माती जुन्या मातीहून वेगळी उठून दिसते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. बांधावर उभे राहून कोणत्या शेतात काल पाणी दिले आणि कोठे जनावर शिरले हे तो ओळखतोच. हवाई छायाचित्र वाचणारा हेच काम आकाशातून करतो.

आता एक साधा हिशेब करू. कॅमेऱ्याच्या भिंगाचे केंद्रांतर सहा इंच आहे आणि विमान पंधरा हजार फुटांवरून चालले आहे, असे धरा. पंधरा हजार फुटांना अर्ध्या फुटाने भागले की तीस हजार येतात. म्हणजे जमिनीवरचे तीनशे मीटर चित्रात एक सेंटिमीटर होतात. आपले एक एकराचे चौकोनी रान या चित्रात दोन मिलिमीटरचे होईल. ज्वारीचा दाणा त्याहून मोठा असतो! मग त्या रानात लपलेल्या मुलीचे काय होणार? ती चित्रात असून नसल्यासारखी.

ही विद्या पहिल्या महायुद्धात पुष्कळ वाढली. दुसऱ्या महायुद्धात तिला नवे वळण देणाऱ्यांत सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक होता. हे नाव ध्यानात ठेवा, कारण हा गृहस्थ पुढे आपल्या दाराशी येणार आहे. १९३९ साली युद्धाला तोंड लागण्यापूर्वी ब्रिटिश हेरखात्याने त्याला एक लॉकहीड विमान दिले. बाहेरून पाहावे तर धनिक व्यापाऱ्याचे खासगी विमान, आणि पोटात छुपे कॅमेरे. उंचावरच्या थंडीत भिंगावर दव साचून चित्रे धुरकट होत. कॉटनने विमानातली ऊबदार हवा कॅमेऱ्यांवरून खेळवून ती अडचण दूर केली. व्यापाराच्या मिषाने तो जर्मनीत जाई आणि येता-जाता तिथली लष्करी ठाणी टिपून आणी.

युद्ध सुरू झाल्यावर त्याच्याकडे टेहळणीची एक नवी तुकडी सोपवण्यात आली. त्याचे म्हणणे असे, की टेहळणीच्या विमानाने लढू नये. उंच जावे, वेगाने जावे आणि चित्र घेऊन घरी यावे. म्हणून त्याने स्पिटफायर विमानांवरच्या तोफा उतरवल्या, फटी बुजवून अंग गुळगुळीत केले, आभाळात मिसळेल असा फिका रंग दिला आणि तोफांऐवजी कॅमेरे व जादा पेट्रोल भरले. पुढे या पद्धतीने लाखो छायाचित्रे जमली. लंडनच्या पश्चिमेस मेडमेनहॅम येथे ती वाचणाऱ्यांचे मोठे केंद्र उभे राहिले आणि त्यात स्त्रियाही पुष्कळ होत्या. त्यांतल्याच कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या बाईंनी १९४३ साली जर्मनीतल्या पेनेम्युंडे येथील एका छायाचित्रात, उताराच्या घसरगुंडीवर ठेवलेला एक अगदी लहानसा क्रूस ओळखला. ते वैमानिकाशिवाय उडणारे बॉम्ब-विमान, म्हणजे पुढे लंडनवर कोसळलेले व्ही-वन होते. तेथे काहीतरी नवे विमान असावे, शोधा, असे त्यांना आधीच सांगितलेले होते. त्यांनी शोधले आणि त्यांना सापडले.

आता याच नाण्याची दुसरी बाजू ऐका. १९४४ साली दोस्तांच्या विमानांनी पोलंडमध्ये ऑश्विट्झजवळच्या एका मोठ्या जर्मन कारखान्याची छायाचित्रे घेतली. कारखाना बॉम्बहल्ल्यासाठी हवा होता. कॅमेरा चालूच होता, म्हणून शेजारच्या छळछावणीचीही चित्रे आली. ज्या इमारतींत माणसे विषारी वायूने मारली जात, त्या इमारती त्या चित्रांत आहेत. एका चित्रात तर माणसांची रांगही आहे. पण वाचणाऱ्यांना कारखान्याविषयी विचारले होते, माणसांविषयी विचारले नव्हते. चित्रे कपाटात गेली. अमेरिकेतल्या दोन तज्ज्ञांनी ती पुन्हा काढून, भिंगाखाली धरून, त्यांत काय आहे हे जगाला सांगितले ते १९७९ साली, पस्तीस वर्षांनी!

श्रोते हो, मला जे सांगायचे आहे ते हेच. कॅमेरा सगळे पाहतो, पण आपण जे विचारू तेवढेच तो सांगतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतीय हवाई दलाची स्थापना १९३२ सालची. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, अराकानच्या जंगलात, या दलाच्या सहाव्या स्क्वाड्रनने हरिकेन विमानांतून टेहळणी केली. स्क्वाड्रनचे प्रमुख होते मेहर सिंग. विमाने जोडीने जात. एक खाली पाहून चित्रे घेई, दुसरे शत्रूची विमाने येतात का यावर नजर ठेवी. आपल्याकडे राखणीला दोघे बसतात, एक निजतो नि एक जागतो. येथे दोघांनाही जागेच राहावे लागे. या स्क्वाड्रनला लोक 'चौदाव्या सैन्याचे डोळे' म्हणू लागले. मेहर सिंग यांना डी. एस. ओ. हे पदक मिळाले, आणि त्या युद्धात ते मिळवणारे भारतीय हवाई दलाचे ते एकटेच अधिकारी.

ब्रह्मदेशातले युद्ध संपून जेमतेम तीन वर्षे झाली तोच विमाने आपल्या मराठवाड्यावर आली. १९४८ साली मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचा जुलूम चालू होता. सोलापूर, बार्शी, मनमाड अशा सरहद्दीपलीकडच्या गावांकडे माणसे जीव मुठीत धरून जात होती, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मुक्तीचा लढा चालला होता. निजामाच्या सरकारला शस्त्रे हवी होती आणि भारताने वाटा बंद केल्या होत्या. तेव्हा रात्रीच्या अंधारात कराचीहून मोठाली लँकास्ट्रियन विमाने शस्त्रे भरून निघू लागली आणि बिदर-वरंगळकडे उतरू लागली. ही विमाने आणणारा माणूस कोण? तोच सिडनी कॉटन! ज्याने छायाचित्राला युद्धाचे हत्यार केले, त्यालाच आता कुणाच्याही कॅमेऱ्यात सापडायचे नव्हते, म्हणून तो रात्रीचा येत असे. पुढे इंग्लंडमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि दोनशे पौंड दंड भरून तो सुटला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. हवाई बाजू एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्याकडे होती. साहाय्याला टेंपेस्ट जातीची विमाने होती आणि त्यांचा तळ पुण्याला. सोलापूरच्या बाजूने आलेल्या सैन्याने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले आणि ते उमरग्यापर्यंत पोचले. पुढे राजेश्वरच्या रस्त्यावर दबा धरून बसलेल्या जागा विमानांच्या टेहळणीत दिसल्या. दुसऱ्या दिवशी टेंपेस्ट विमानांनी त्या जागांवर हल्ले केले, रस्ता मोकळा झाला आणि दुपारपर्यंत राजेश्वर हाती आले. इकडे मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या फौजेने तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, घेतले. १५ सप्टेंबरला जालना पडले. १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. म्हणूनच १७ सप्टेंबर हा आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

टेहळणीने काय पाहिले? रस्ता, पूल, खंदक, धावपट्टी. सेनापतीला तेच हवे होते आणि त्यात त्याची चूक नाही. दबा धरलेल्या जागा आधी दिसल्या म्हणून सैनिकांचे प्राण वाचले. पण त्याआधीच्या महिन्यांत रझाकारांनी खेड्यांत काय केले हे आकाशातून दिसण्यासारखे नव्हते. आणि कारवाईनंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, तसेच नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत कितीतरी निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूडाची पाळी आली, तेही दिसण्यासारखे नव्हते. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने गावोगाव हिंडून माणसांना विचारले. २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा तिचा अंदाज झाला. तो अहवाल पुढे कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. मुक्तीचा आनंद खरा होता आणि हे दुःखही खरे होते. इतिहास शिकवणाऱ्याने दोन्ही सांगितली पाहिजेत.

यानंतर तेरा वर्षांनी गोव्याची पाळी आली. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. वैमानिकांना ताकीद होती की धावपट्टी मोडा, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नका. थोड्या वेळाने आणखी आठ कॅनबेरा आली आणि त्यांनीही तेच पथ्य पाळले. इमारती वाचल्या. पण पोर्तुगीजांनी रातोरात धावपट्टीचा काही भाग बुजवून घेतला आणि तेथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने बायकामुलांना घेऊन निसटली. सकाळी फुटकी धावपट्टी पाहून कुणीही म्हटले असते की येथून आता काही उडणार नाही. छायाचित्र एका क्षणाचे असते, आणि माणसे पुढच्या क्षणी फावडे हाती घेतात!

छायाचित्र खरे असले तरी ऐकणारा पाहिजे, याचा दाखला १९६२ सालचा. हवाई दलाच्या १०६ व्या स्क्वाड्रनचे वैमानिक जगमोहन नाथ यांनी कॅनबेरा विमानातून अक्साई चीन आणि तिबेटवर उड्डाणे केली. चिनी सैन्याची जमवाजमव आपण टिपून आणली होती, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. तथापि त्या चित्रांवरून जी तयारी व्हायला हवी होती ती झाली नाही, आणि त्याचे फळ देशाने भोगले. नाथ यांना महावीरचक्र मिळाले. १९६५ च्या युद्धातल्या अशाच कामगिरीबद्दल ते दुसऱ्यांदा मिळाले. डोळ्याने आपले काम केले होते; डोक्याने केले नव्हते.

आता शेवटचा दाखला, आणि तो सगळ्यांत गमतीचा आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेशाच्या युद्धात, आपल्या छत्रीधारी सैनिकांची एक पलटण टांगाइलजवळ विमानांतून उतरली. माणसे सुमारे सातशे. जगभरच्या वर्तमानपत्रांत जे छायाचित्र झळकले त्यात मात्र आभाळभर छत्र्याच छत्र्या! बाहेरच्या बातमीदारांनी लिहिले की अख्खी ब्रिगेड, पाच हजार माणसे उतरली. खरी गोष्ट अशी की ते चित्र टांगाइलचे नव्हतेच. ते आदल्या वर्षी आग्र्याला झालेल्या सरावाचे होते. टांगाइलचे चित्र हाती नव्हते, म्हणून संरक्षण खात्याचे प्रसिद्धी अधिकारी राममोहन राव यांनी जुने चित्र दिले आणि खाली ते जुने असल्याचे लिहिले नाही. पुढे त्यांनीच ही हकीकत मोकळेपणाने सांगितली. चित्र खोटे नव्हते. त्याखालची ओळ अपुरी होती. ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनानींचा धीर सुटण्याला त्या चित्राचाही थोडा हातभार लागला असे म्हणतात. १६ डिसेंबरला शरणागती झाली.

शिक्षक मित्रांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. आज आपल्या हातातल्या फोनवरही आकाशातून आपले गाव दिसते. मुले आपले घर, आपली विहीर शोधतात. हे चांगलेच आहे. पण युद्धाचे कोणतेही चित्र वर्गात दाखवाल तेव्हा मुलांकडून तीन प्रश्न विचारून घ्या. हे चित्र कुणी काढले? कशासाठी काढले? आणि या चित्रात यायला हवे होते पण आले नाही, असे काय आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मिळवायला गावात जावे लागेल.

आणि घाई केली पाहिजे. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत किंवा ओलांडून गेले आहेत. गावात असा कुणी आजोबा, कुणी आजी असेल तर मुलांना वही घेऊन पाठवा. विमान कोणत्या दिशेने आले, शेतात काय काम चालले होते, कोण कोठे लपले, कुणाला कुणी घरात घेतले, हे विचारा आणि सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्या. शेजारच्या मोहल्ल्यातल्या म्हातारीलाही विचारा. तिचे उत्तर वेगळे असेल, तेही तसेच लिहा.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, तेही सांगून टाकतो. माझ्या आजीने ती सावलीची गोष्ट मला कितीदा तरी सांगितली. मी इतिहासाचा एम. ए. झालो, दुसऱ्यांच्या युद्धांच्या तारखा पाठ केल्या, पण वही घेऊन तिच्यापुढे कधी बसलो नाही. त्या दिवशी कोणता वार होता, ज्वारीत तिच्याबरोबर आणखी कोण होते, आणि सावली निघून गेल्यावर त्या सगळ्याजणी पुन्हा शेंगा तोडू लागल्या की घरी पळाल्या, हे मी विचारलेच नाही. आता विचारायला ती नाही.

तुमच्याकडे अजून कुणी असेल, तर आज संध्याकाळीच विचारा.